सुभेदार मल्हारराव होळकर

नीरा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर भीमेस मिळते. तिच्याबरोबर जसजसे पूर्वेकडे जावे, तसतसा पाऊस उणा होत जातो. झाडी विरळ होते, माळ उघडे पडतात, आणि जमिनीवर आखूड, राठ गवताखेरीज फारसे काही उगवत नाही. गाईम्हशींचे पोट अशा गवताने भरत नाही. पण दख्खनी मेंढीला ते पुरते. म्हणूनच या मुलखात शतकानुशतके मेंढपाळ धनगरांची वस्ती आहे. नीरेकाठच्या होळ या गावी अशाच एका धनगर घराण्यात 16 मार्च 1693 रोजी मल्हाररावांचा जन्म झाला. होळचे म्हणून ते होळकर.

मल्हार अवघा तीन वर्षांचा असताना त्याचे वडील खंडूजी वारले. पोरक्या मुलाला घेऊन आईने कोठे जावे? भाऊबंदांचा आधार वाटेना, तेव्हा तिने गाव सोडले आणि खानदेशातील तळोदे येथे आपल्या भावाचा आश्रय घेतला. हा भाऊ म्हणजे भोजराज बारगळ. सरदार कदमबांडे यांच्या चाकरीत तो स्वारांचे एक लहानसे पथक बाळगून होता. घरी घोडी होती, तशाच मेंढ्याही होत्या. मल्हार थोडा मोठा झाल्यावर मामाने त्याच्या हाती काठी दिली आणि त्याला मेंढ्यांमागे धाडले.

मेंढ्या राखणे हे सोपे काम आहे, असे ज्याला वाटत असेल त्याने एक दिवस ते करून पाहावे! कळपातील मेंढ्या परक्याला सारख्याच दिसतात. पण मेंढपाळाचे पोर प्रत्येक मेंढीला ओळखते. कोणती लंगडते, कोणती विणार आहे, कोणते कोकरू आईपासून चुकले आहे, हे त्याला नुसत्या नजरेने कळते. लांडगा दिवसभर झुडपाआड दबा धरून बसतो आणि तिन्हीसांजेला मागे रेंगाळलेली मेंढी उचलतो. म्हणून पोराला पुढेही पाहावे लागते आणि मागेही. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असते, नदीला उतार कोठे आहे, कोणत्या माळावर गवत उरले आहे, या गोष्टी त्याला कोणी पाटीवर लिहून शिकवीत नाही. त्या पायांनीच शिकाव्या लागतात.

पाऊसकाळ संपला की धनगरांचे वाडे गाव सोडून निघत. वाडा म्हणजे विटामातीचे घर नव्हे. कळपासह एकत्र फिरणारी चार-सहा कुटुंबे म्हणजे वाडा. घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरुणे, कोंबड्या आणि तान्ही मुले लादलेली असत. नुकती जन्मलेली कोकरेही त्यांतच. वाटेत शेतकरी त्यांची वाट पाहत असे. मेंढ्या रात्री त्याच्या शेतात बसवावयाच्या. लेंडी आणि मूत यांनी जमीन सकस व्हावयाची, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने धनगराला धान्य द्यावयाचे. असा हा दोघांच्याही सोयीचा व्यवहार होता. पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास वाडे माघारी फिरत. कारण दख्खनी मेंढीला चिखल मानवत नाही, तिचे खूर सडतात. मेंढ्यांची लोकर कातरून तिची घोंगडी विणीत आणि तिला चिंचोक्याची खळ देत. ऊन, पाऊस व थंडी या तिहींना पुरे पडणारे हे वस्त्र आहे. आज सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. पण माळावर मेंढ्यांमागे जाणारा माणूस अजूनही खांद्यावर घोंगडीच घेतो.

अशा जीवनात मल्हार वाढला. एके दुपारी तो झाडाखाली झोपला असताना एका नागाने त्याच्या तोंडावर फणेची सावली धरली, आणि हे शुभचिन्ह मानून मामाने त्याला घोडेस्वारांत घेतले, अशी एक आख्यायिका सांगतात. अशा कथा आपल्याकडे अनेक थोर पुरुषांविषयी सांगितल्या जातात. मामाने भाच्याची चपळाई आणि धिटाई पाहिली असेल, हे अधिक संभवते. काठी सुटली आणि हाती भाला आला. पुढे मामाने आपली कन्या गौतमाबाई हिचा विवाह त्याच्याशी लावून दिला.

1721 च्या सुमारास मल्हारराव पहिल्या बाजीरावांच्या सेवेत आले आणि थोड्याच वर्षांत पाचशे स्वारांचे सरदार झाले. बाजीरावांच्या फौजेची रीत निराळी होती. अवजड तोफा नाहीत, तंबूंचा पसारा नाही. घोडा, भाला आणि गाठीला थोडी शिदोरी. अशा फौजेला सर्वांत मोठी चिंता शत्रूची नसते, घोड्यांच्या चाऱ्याची आणि पाण्याची असते. माळावर हजार तोंडांची भूक वाहिलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागले नसेल. 1728 मध्ये पालखेडच्या मोहिमेत मराठ्यांनी निजामाची रसद तोडली आणि त्याला पाण्यावाचून कोंडले. त्या मोहिमेत मल्हारराव होते. पुढे माळव्याचा मोठा मुलूख त्यांच्याकडे आला आणि ते सुभेदार म्हणून प्रसिद्ध झाले. 1737 साली यमुनेपलीकडे सादतखानाकडून त्यांना हार खावी लागली. 1739 मध्ये वसईच्या वेढ्यात ते चिमाजीअप्पांबरोबर लढले.

या मोठ्या सरदाराने आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी सून आणली ती चौंडी या लहानशा खेड्यातून. ती म्हणजे माणकोजी शिंदे यांची कन्या अहिल्या. 1733 मध्ये हा विवाह झाला. 1754 च्या मार्च महिन्यात कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाला. एकुलता एक मुलगा गेला. त्या काळच्या रूढीप्रमाणे अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी रूढीचा मान राखला असता, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु त्या वृद्ध सेनानीने सुनेपुढे पदर पसरला, आता तूच माझा मुलगा आहेस अशा अर्थाने तिची विनवणी केली आणि तिला चितेपासून परत फिरविले.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. त्यांनी तिच्यावर राज्याचा कारभार सोपविला. स्वतः मोहिमेवर असताना ते तिला पत्रे पाठवीत, आणि त्या पत्रांत तोफा, दारूगोळा, वाटेवरच्या चौक्या यांविषयी सूचना असत. घरातील स्त्रीला त्या काळी असली पत्रे क्वचितच कोणी लिहिली असतील.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपत येथे मराठ्यांचा दारुण पराभव झाला. समोरासमोर न लढता गनिमी काव्याने लढावे, असे मल्हाररावांचे मत होते. ते मानले गेले नाही. लढाई हातची जाताच ते आपली फौज घेऊन बाहेर पडले. त्यांचे हे करणे योग्य होते की नव्हते, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मात्र वाचलेल्या त्या फौजेच्या बळावर उत्तरेत मराठ्यांचा पाय पुन्हा रोवण्यासाठी ते त्याच वर्षी लढू लागले, हेही खरे. तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट वर्षांचे होते.

20 मे 1766 रोजी आलमपूर येथे छावणीतच त्यांचा अंत झाला. त्या ठिकाणी त्यांची छत्री उभी आहे. पुढच्याच वर्षी नातू मालेरावही वारला आणि होळकरांच्या राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. त्यांनी ती 1795 पर्यंत सांभाळली. 2019 साली सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले.