डीजे स्क्रू : हिप हॉपला ब्रेक लावणारा अवलिया

हिप हॉप म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ढगळ जीन्स, गळ्यात जाडजूड साखळी आणि तोंडातून सुसाट सुटलेली शब्दांची आगगाडी येते. पण मित्रांनो, हिप हॉप म्हणजे काही एकच एक प्रकार नाही. आपल्याकडे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशी घराणी आहेत ना, तशी तिकडे शहरागणिक घराणी आहेत. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हे सगळं सुरू झालं आणि तिथे भर राहिला तो शब्दांवर. लॉस एंजेलिसने त्यात फंकचा जड बेस आणि शिट्टीसारखा वाजणारा सिंथेसायझर आणला. मायामीने ड्रम मशीन बडवत वेग वाढवला. आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टनने? ह्यूस्टनने चक्क ब्रेक दाबला!

तो ब्रेक दाबणारा पाय होता रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनियरचा. जग त्याला डीजे स्क्रू म्हणून ओळखतं.

रॉबर्टचा जन्म २० जुलै १९७१ चा. बालपणाचा बराच काळ टेक्सासमधल्या स्मिथव्हिल या छोट्याशा गावात गेला. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. आईकडे रेकॉर्ड्सचा छान साठा होता. १९८४ मध्ये ब्रेकडान्सवरचा 'ब्रेकिन' हा सिनेमा आला आणि पोराच्या डोक्यात डीजे व्हायचं भूत शिरलं. प्रयोगासाठी आईच्या रेकॉर्ड्स होत्याच. एखादी रेकॉर्ड आवडली नाही की हा पठ्ठ्या स्क्रूने तिच्यावर ओरखडे काढायचा. त्यावरून एका मित्राने त्याला डीजे स्क्रू म्हणून चिडवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुढे तो वडिलांकडे ह्यूस्टनला राहायला गेला. शाळा अर्ध्यावर सुटली, टर्नटेबल मात्र सुटलं नाही.

आता थोडं आपल्या विषयाचं. टर्नटेबलवर वेग कमीजास्त करणारी एक पट्टी असते. डीजे लोक ती दोन गाण्यांची लय जुळवण्यासाठी वापरतात. १९९० च्या सुमारास स्क्रूने ती पार खाली ओढली आणि जे ऐकू आलं ते त्याला मूळ गाण्यापेक्षा जास्त आवडलं. आज सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा वेग आणि स्वर वेगवेगळे बदलता येतात. रेकॉर्डला आणि टेपला ही सोय नाही. वेग २० टक्क्यांनी उतरवला तर ४४० हर्ट्झचा स्वर ३५२ हर्ट्झवर येतो, म्हणजे जिथे शुद्ध गंधार होता तिथे षड्ज ऐकू येतो! ६० मिनिटांची टेप ७५ मिनिटं चालते. आवाज घोगरे, भारदस्त होतात आणि बेस छातीत घुमतो.

पण नुसतं संथ करून तो थांबला नाही. दोन टर्नटेबलवर तो एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड्स लावायचा, दुसरी एक ठोका मागे. मग क्रॉसफेडर झटक्यात इकडून तिकडे मारला की तोच शब्द पुन्हा ऐकू यायचा, जणू कोणी तो अधोरेखित केलाय. या पद्धतीला लोक 'चॉप्ड अँड स्क्रूड' म्हणू लागले.

कॅसेट तो घरीच बनवायचा आणि घरूनच विकायचा. दारासमोर गाड्यांची रांग लागायची. इथे ड्रग्ज विकले जातात की काय, असा पोलिसांनाही संशय यायचा. विकल्या जात होत्या फक्त कॅसेट! ना मोठी कंपनी, ना जाहिरात. १९९८ मध्ये त्याने स्वतःचं दुकान काढलं. फॅट पॅट, लिल कीके, बिग हॉक असे गल्लीतले रॅपर त्याच्या खोलीत जमायचे आणि सुचेल ते रचून गायचे. हा कंपू म्हणजे 'स्क्रूड अप क्लिक'. १९९६ मध्ये एका मित्राच्या वाढदिवसाला यांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ न थांबता रॅप केलं. ती कॅसेट आजही ह्यूस्टनचा मानबिंदू आहे. स्क्रूच्या कॅसेटवर बिग फ्लॉइड या नावाने गाणारा एक तरुण होता. तो म्हणजे जॉर्ज फ्लॉइड, ज्याच्या मिनियापोलिस पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूने २०२० मध्ये अख्खी अमेरिका रस्त्यावर उतरली.

आता कडू भाग. त्या काळी ह्यूस्टनमध्ये कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सोड्यात मिसळून प्यायची फॅशन होती. स्क्रूचं संगीत त्या नशेतूनच जन्मलं, असं लोक सर्रास म्हणत. त्याला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं साधं होतं : हे टर्नटेबलशी खेळताना सापडलं, आणि संथ केलं की रॅपर काय म्हणतोय ते नीट ऐकू येतं. पण स्वतः तो त्या सिरपपासून लांब राहिला नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो त्याच्या स्टुडिओत मृतावस्थेत सापडला. तपासणीत कोडीनचा अतिरेक आणि इतर अमली पदार्थ आढळले. वय अवघं २९.

कोडीन श्वास मंदावतं. गाणं संथ केलं तर पट्टी परत वर सरकवता येते, श्वासाचं तसं नसतं. हॉस्टेलच्या रूमवर एखादी सिरपची बाटली 'फक्त मजा म्हणून' फिरत असेल, तर एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

ज्या दक्षिणेला न्यूयॉर्कवाले हिंग लावून विचारत नव्हते, तिथल्या माइक जोन्स आणि पॉल वॉल यांनी २००५ मध्ये देश गाजवला, तेव्हा हाच संथ आवाज सगळीकडे पोहोचला. स्क्रूच्या रेकॉर्ड्स ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जतन केल्या आहेत. आणि आज रात्री सबमिशन लिहिताना आपण हेडफोनवर जी हिंदी गाण्यांची 'स्लोड अँड रिव्हर्ब' व्हर्जन्स ऐकतो ना, त्यांचं मूळ ह्यूस्टनच्या त्याच खोलीत आहे. फरक इतकाच, की आपण एक बटण दाबतो आणि तो प्रत्येक ठोका हाताने कापायचा. कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. हातात जे मशीन होतं ते त्याने कान देऊन ऐकलं, एवढंच.