प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर

दरवर्षीं शाळेच्या संघाची निवड होते आणि त्या सायंकाळीं कांहीं मुलें उतरलेल्या चेहऱ्यानें घरीं परततात. यादींत आपलें नांव नाहीं, तेव्हां आपल्या खेळास आतां कांहीं अर्थ उरला नाहीं, असें त्यांस वाटतें. अशा विद्यार्थ्यांकरितां, आणि खेळ हा अभ्यासाचा वैरी असें मानणाऱ्या पालकांकरितांही, आम्ही यंदा प्राध्यापक देवधर यांचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यास झाला. पुढें ते तेथील सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृताचे प्राध्यापक झाले. एका हातीं ग्रंथ व दुसऱ्या हातीं बॅट, असा त्यांचा संसार होता. आणि एकामुळें दुसऱ्यास कमीपणा आला, असें कधीं झालें नाहीं.

१९११ सालापासून ते मोठ्या सामन्यांत खेळूं लागले. १९२६ सालीं आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी.चा इंग्लिश संघ ह्या देशांत आला. मुंबईच्या सामन्यांत अखिल हिंदी संघाकडून देवधरांनीं १४८ धावा काढिल्या. हिंदी खेळाडू बरोबरीच्या नात्यानें खेळूं शकतात, हें त्या दौऱ्यांत दिसून आलें. १९२८ सालीं क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें आणि १९३२ सालीं हिंदी संघ लॉर्ड्सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळला. परंतु त्या संघांत देवधर नव्हते. त्यांचें वय तेव्हां चाळीस वर्षांचें होतें. जें दार उघडण्यास त्यांनीं हात लाविला, त्या दारांतून आंत जाणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. अधिकृत कसोटी सामना त्यांस जन्मांत एकही खेळावयास मिळाला नाहीं.

दुसरा एखादा असता तर खिन्न होऊन घरीं बसला असता. देवधरांचें खरें कार्य मात्र ह्यापुढेंच झालें. महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्व करून त्यांनीं तरुण खेळाडू हाताशीं धरिले, आणि १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक महाराष्ट्रास मिळवून दिला. ते केवळ कडेला उभे राहून शिकविणारे गुरु नव्हते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांनीं बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. आणि १९४४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत दोन शतकें झळकाविलीं.

त्यांच्या हाताखालीं खेळलेले रंगा सोहोनी व खंडू रांगणेकर पुढें कसोटी खेळाडू झाले. परंतु आम्हांस विशेष जवळचें वाटतें तें नांव विजय हजारे यांचें. हजारे हे सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचे पुत्र. त्या काळीं मुंबईचे गाजलेले सामने धर्मावार संघ पाडून होत, आणि तेथें हजारे हिंदूंच्या विरुद्ध इतरांच्या संघाकडून खेळत. महाराष्ट्राच्या संघांत मात्र संस्कृताचे प्राध्यापक व हा ख्रिस्ती तरुण एकाच बाजूनें उभे राहिले. त्याच संघाकडून १९३९-४० सालीं हजाऱ्यांनीं पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांचेंही मार्गदर्शन त्यांस लाभलें होतें. तेव्हां सारें श्रेय एकट्या देवधरांस देणें न्याय्य होणार नाहीं. तथापि १९५२ सालीं मद्रासेस भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां कर्णधार हजारे होते. जें स्थान कर्णधारास स्वतःस लाभलें नाहीं, त्याच्याही पुढें त्याच्या संघांतील हा तरुण गेला.

देवधरांच्या घरींही हीच रीत होती. तारा, सुंदर व सुमन ह्या त्यांच्या तिन्ही कन्यांनीं बॅडमिंटनमध्यें देशभर नांव मिळविलें. मुलींनीं मैदानांत उतरावें कीं काय, ह्याचा खल करणाऱ्या पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

१९६५ सालीं त्यांस पद्मश्री व १९९१ सालीं पद्मभूषण हे बहुमान मिळाले. त्यांच्या नांवाचा करंडक १९७३-७४ सालीं सुरू झाला, आणि पुढें हजाऱ्यांच्या नांवाचाही झाला. शंभरी ओलांडून २४ ऑगस्ट १९९३ रोजीं देवधरांनीं पुण्यास देह ठेविला.

आमच्या नाशिकचीं मुलें देवधरांच्याच महाराष्ट्राकरितां खेळतात, आणि येथील गोल्फ क्लबच्या मैदानावर त्या संघाचे रणजी सामने झालेले आहेत. तेथें पाऊल ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एवढें स्मरावें कीं, यादींतून गळलेलें नांव म्हणजे खेळाचा शेवट नव्हे. उद्यां सायंकाळीं त्यांनीं मैदानावर यावें, आणि आपल्याहून लहान असलेल्या एखाद्या मुलाच्या हातीं बॅट देऊन ती कशी धरावी हें त्यास दाखवावें.