बर्फावरचे टपालवाले : जॉन थॉम्पसन

जॉन थॉम्पसन यांचा जन्म 30 एप्रिल 1827 रोजी नॉर्वे देशात टेलेमार्क नावाच्या डोंगराळ भागात झाला. तिकडे त्यांचे नाव योन होते. अमेरिकेत गेल्यावर त्याचं जॉन झालं. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. 1837 साली ते आईबरोबर बोटीने अमेरिकेला गेले. तेव्हा ते दहा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या चौथीच्या मुलांएवढेच. पण तेवढ्या वयात त्यांना बर्फावरून लाकडी फळ्यांवर घसरत जाणं माहीत होतं. नॉर्वेत तेव्हा लहान पोरंही तशीच शेजारच्या घरी जात.

मोठे झाल्यावर 1851 साली ते कॅलिफोर्नियात सोने शोधायला गेले. सोने काही फारसे सापडले नाही. मग त्यांनी शेती धरली.

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडा नावाचे उंच डोंगर आहेत. त्यांच्या पलीकडे जिनोआ गाव आहे. हिवाळ्यात त्या डोंगरात इतका बर्फ पडतो की घरंसुद्धा बुडतात. आपण बर्फ पाहिला तो गोळेवाल्याकडचा! तेव्हा तिकडे रेल्वे नव्हती, आणि हिवाळ्यात घोडेसुद्धा जात नसत. पलीकडच्या लोकांना महिने महिने पत्र मिळत नसे. टपाल न्यायला माणूस पाहिजे, अशी जाहिरात 1855 साली वर्तमानपत्रात आली. ती थॉम्पसन यांनी वाचली.

त्यांनी ओक झाडाचे लाकूड तासून दोन लांब फळ्या तयार केल्या. प्रत्येक फळी जवळजवळ 10 फूट लांब होती. दोन्हींचं वजन 25 पौंड म्हणजे 11 किलोच्या वर भरलं. तिथले लोक या फळ्यांना बर्फाचे जोडे म्हणत. दुसऱ्या प्रकारचे बर्फाचे जोडेही असतात. त्यात लाकडाच्या कड्याला चामड्याच्या वाद्यांची जाळी विणतात. दोन्हींचं काम एकच. चिखलात नुसता पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जातो, पण फळी टाकून तिच्यावरून चाललं तर जात नाही, कारण वजन पसरतं. बर्फावर पण तसंच होतं. फक्त जाळीच्या जोड्यांनी चालावं लागतं आणि फळ्यांनी उतारावर घसरता येतं. थॉम्पसन हातात एक लांब काठी धरून उतारावरून असे सुटत की बघणाऱ्यांचे डोळे विस्फारत.

जानेवारी 1856 मध्ये ते प्लेसरव्हिलहून पहिल्यांदा निघाले. लोक म्हणत होते, हा काही परत येत नाही. ते परत आले. वाट 90 मैल म्हणजे सुमारे 145 किलोमीटर होती. जायला तीन दिवस आणि यायला दोन दिवस लागत. पाठीवर 60 ते 100 पौंड टपालाची थैली असे. म्हणून ते घोंगडी घेत नसत आणि बंदूकही घेत नसत. खायला वाळलेले मांस आणि बिस्किटे, प्यायला बर्फाचं पाणी. रात्री वाळलेल्या झाडाचं खोड पेटवायचं, पाय शेकोटीकडे करायचे आणि टपालाची थैली उशाला घ्यायची. वादळ आलं तर उघड्या खडकावर उभं राहून ते नाच करत, म्हणजे अंग गार पडत नसे. वाट ओळखायला तारे, झाडं आणि खडक. ते कधीच चुकले नाहीत.

नुसती पत्रंच नाही, तर औषधं, सुया, भांडी पण ते नेत. जिनोआत 1858 साली वर्तमानपत्र निघालं, त्याच्या छपाईचे खिळे पण त्यांच्याच पाठीवरून गेले. शिशाचे खिळे किती जड असतात!

या वाटेजवळच टाहो नावाचे मोठे सरोवर आहे. त्याचे पाणी 6200 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. ते इतके खोल आहे की हिवाळ्यातही गोठत नाही. डिसेंबर 1856 मध्ये थॉम्पसन या सरोवराजवळच्या खोऱ्यात आले. तिथल्या एका झोपडीत त्यांना जेम्स सिसन नावाचा माणूस दिसला. त्याचे पाय बर्फाने गोठले होते. बारा दिवस तो तिथे एकटाच पडून होता. खायला नुसतं पीठ. थॉम्पसन त्याला जळण तोडून देऊन रात्रीच जिनोआला निघाले. तिथून माणसं आणली, त्यांनाही पायात फळ्या दिल्या आणि सिसनला घसरगाडीवर घालून गावात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय कापावे लागतील, पण भूल द्यायला क्लोरोफॉर्म नाही. ते आणायला थॉम्पसन पुन्हा सगळा डोंगर ओलांडून सॅक्रामेंटोला गेले आणि घेऊन परत आले. सिसन वाचला.

असे त्यांनी सुमारे 20 हिवाळे केले. पण सरकारने त्यांना पगारच दिला नाही! नेवाडाच्या विधिमंडळाने 1869 साली त्यांना 6000 डॉलर द्यावेत अशी विनंती केली. थॉम्पसन स्वतः राजधानी वॉशिंग्टनला गेले. जाताना त्यांची आगगाडी बर्फात अडकली.  हे उतरले आणि चालत पुढच्या शहराला गेले. तिथे पण गाडी नव्हती म्हणून त्याच्याही पुढच्या शहराला चालत गेले. वॉशिंग्टनला त्यांना आश्वासनं मिळाली, पैसे मिळाले नाहीत. आपल्याकडे रोजगार आठवडाभर थकला तरी घरात ओढाताण होते, हे पालकांना माहीत आहे. यांचे वीस वर्षांचे थकले. तरी त्यांनी टपाल बंद केलं नाही.

1876 साली पेरणीच्या दिवसांत ते आजारी पडले. चालवेना म्हणून घोड्यावर बसून त्यांनी शेतात बी टाकलं. 15 मे 1876 रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय 49 होते. जिनोआ गावात त्यांची कबर आहे. त्यांच्या पत्नीने बसवलेल्या दगडावर त्यांच्या दोन फळ्या एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या कोरल्या आहेत.