खराटा आठवला, गाडगे विसरलो

दर वर्षी २३ फेब्रुवारीला आपल्याकडे गावोगावी खराटे बाहेर निघतात. संत गाडगेबाबांची जयंती असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्वच्छतेच्या कार्यक्रमाला मीही गेलो होतो. तास-दीड तास आम्ही सगळ्यांनी आवार झाडले, फोटो काढले आणि मग चहा आला, अर्थातच कागदी कपांतून. चहा पिऊन झाल्यावर प्रत्येकाने आपला कप नुकत्याच झाडून लावलेल्या ढिगावर टाकला आणि कुणीतरी त्या ढिगाला काडी लावली. संध्याकाळी दम्याचा जुना त्रास असलेल्या एक आजी धापा टाकत दवाखान्यात आल्या. त्यांचे घर त्या आवाराला लागूनच होते. त्यांना नेब्युलायझर लावताना मला आठवले, त्या ढिगात माझाही कप होता.

तेव्हापासून गाडगेबाबांच्या तसबिरीकडे मी जरा निरखून पाहतो. त्यांच्याजवळ दोन वस्तू कायम असत. एक खराटा आणि दुसरे मातीचे फुटके गाडगे. लोकांनी त्यांना नाव दिले ते गाडग्यावरून. आपण मात्र जयंतीला फक्त खराटा हातात घेतो.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी डेबूचा जन्म झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे पूर्ण नाव. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखायचा, नांगर धरायचा, विहिरीवर मोट हाकायचा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला की काय होते, हे मात्र त्याने मामाच्या शेतीच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर तो माणूस शिक्षणासाठी तळमळत राहिला, त्याचे मूळ इथे आहे.

ज्या वर्षांत डेबू पूर्णेच्या काठी गुरे चारत होता, त्याच वर्षांत, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कोलकात्यात पटकीच्या म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूचा शोध लावत होता. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे शास्त्राला कळत होते, पण वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत ते पोहोचायला फार अवकाश होता. नदीत गुरे बसायची, तिथेच कपडे धुतले जायचे आणि खालच्या अंगाला घागरी भरल्या जायच्या. साथ आली की देवीचा कोप म्हणून कोंबडे-बकरे कापले जायचे. या समजुतीविरुद्ध पुढे ज्यांनी सर्वांत जास्त गावे पिंजून काढली, त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र म्हणजे काय हे ठाऊक असायचे कारण नव्हते.

लग्न झाले, कुंताबाईंबरोबर संसार सुरू झाला. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण द्यायची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण वाढले. माणसे रुसली, पण ते डगमगले नाहीत. आज हे वाचायला सोपे वाटते. ज्याने कधी गावजेवणातली एखादी रीत बदलायचा प्रयत्न केला आहे, त्याला त्यातली अडचण कळेल.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे. उन्हात ते गाडगे टोपीसारखे असायचे, जेवताना ताट आणि तहान लागली की पेला. कुठे त्यांना चिंधेबुवा म्हणत, कुठे गोधडेबुवा. गावात शिरले की कुणाला न विचारता ते रस्ता झाडू लागत, तुंबलेली गटारे मोकळी करत. भाकरी फुकट घ्यायची नाही, आधी काम करायचे, लाकडे फोडायची, अंगण झाडायचे आणि मग गाडग्यात पडेल ते खायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. कुणी पाया पडायला आला की ते मागे सरत. मी कुणाचा गुरू नाही आणि मला शिष्य नाहीत, हे ते पुन्हा पुन्हा बजावत.

दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे असत. समोरच्या शेतकऱ्याला विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि मग त्या उत्तरातली विसंगती त्याच्यापुढे ठेवायची. कर्ज काढून यात्रा करू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुके जनावर मारू नका, शिवाशिव पाळू नका आणि घरातली भांडी मोडावी लागली तरी पोराला शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश. १९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हाही कीर्तन थांबले नाही.

पंढरपूरला ते वारंवार गेले, पण दर्शनाच्या रांगेत उभे राहण्यासाठी नव्हे. वारीच्या दिवसांत चंद्रभागेचे वाळवंट लाखो माणसांनी घाण होई. ते वाळवंट झाडणे हीच त्यांची पूजा होती. आपण आरोग्य खात्यातले लोक यात्रेच्या आधी पाणी तपासतो, ब्लीचिंग पावडर टाकतो, साथीवर नजर ठेवतो. या सगळ्याच्या आधीची पायरी, म्हणजे माणसाची विष्ठा माणसाच्या पाण्यापासून लांब ठेवणे, ती एक मनुष्य हातातल्या खराट्याने करून दाखवत होता.

खराट्याबरोबर त्यांनी उभे केलेले बांधकामही तेवढेच मोठे आहे. ऋणमोचनच्या यात्रेत माणसे पूर्णेच्या काठच्या चिखलात घसरत, तिथे त्यांनी घाट बांधवला. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि शाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा. पैसा लोकांचा, हिशेब चोख आणि स्वतःसाठी मात्र तेच गाडगे. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्याआधी दोनच आठवडे, ६ डिसेंबरला, त्यांचे स्नेही डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले होते. शाळेत न गेलेल्या या माणसाचे नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच विद्यापीठात येतात. २००० सालापासून राज्याचे ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाने सुरू झाले.

आता त्या ढिगाकडे परत येऊ. बाबांनी झाडलेल्या ढिगात काय असेल? पालापाचोळा, शेण, राख, कडबा, फुटक्या मडक्यांचे तुकडे. हे सगळे उकिरड्यावर जायचे आणि उन्हाळ्यात खत होऊन शेतात पडायचे. म्हणजे झाडले की काम संपत होते. आमच्या दुसरबीडच्या बसस्टँडजवळचा किंवा लग्नाच्या मंडपामागचा आजचा ढीग तसा नाही. कागदी म्हणून आपण जो कप वापरतो, त्याच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. त्याशिवाय चहा त्यात टिकणारच नाही. म्हणून तो कप कागदासारखा कुजत नाही. तो जाळला की धुरातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. ढिगात पीव्हीसीचे तुकडे असतील तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. न जाळता पडू दिला तर पावसात त्यात पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला झाकणभर स्वच्छ पाणी पुरते आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पाणी आटले तरी ती अंडी काही महिने तग धरतात. उरलेसुरले प्लॅस्टिक गाई खातात. ज्यांनी गोरक्षण उभारले, त्यांच्या जयंतीचा कचरा गाईच्या पोटात जावा, याला काय म्हणावे?

म्हणून मला वाटते, आजच्या काळात खराट्यापेक्षा गाडग्याचा धडा महत्त्वाचा आहे. झाडून कचरा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो. आपले भांडे आपल्याजवळ असले की तो कचरा तयारच होत नाही.

एका माणसाच्या सवयीने काय होणार, असे मला बाह्यरुग्ण विभागात नेहमी विचारले जाते. त्यांना मी नारूची गोष्ट सांगतो. पायातून दोरीसारखा जंत बाहेर येणारा हा रोग आपल्या जुन्या माणसांनी पाहिला आहे. त्यावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. पायविहिरीत पाय बुडवायचे नाहीत आणि पिण्याचे पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे, मुख्य उपाय एवढेच. गावोगावच्या बायकांनी हंड्यावर फडके बांधले, सरकारने पायविहिरी बंद केल्या, हातपंप दिले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. घरातली सवय आणि सरकारी व्यवस्था दोन्ही एकत्र आल्या, तेव्हा एक रोग देशातून गेला. कचऱ्याचेही तसेच आहे. ग्रामपंचायतीने घंटागाडी पाठवलीच पाहिजे, ओला-सुका कचरा वेगळा नेलाच पाहिजे, ते मागण्याचा आपला हक्क आहे. पण गाडी येईपर्यंत कप वापरत राहायचे, हे काही खरे नाही.

हिशेब साधा आहे. दिवसाला बाहेरचे दोन चहा धरले तर एका माणसाचे वर्षाला ७३० कप होतात. त्या कार्यक्रमानंतर मी बॅगेत स्टीलचा एक पेला ठेवू लागलो. पहिले काही दिवस टपरीवाला हसला. आता मी दिसलो की तो कपाच्या चळतीला हात न लावता माझ्या पेल्यासाठी हात पुढे करतो. घरी शिळ्या कापडाची पिशवी आहे, ती बाजाराच्या दिवशी दाराच्या खुंटीवर असते. जुन्या साड्यांच्या गोधड्या आमच्या आईच्या पिढीने शिवल्या, त्या अजून ऊब देतात.

गावाच्या पातळीवर करण्यासारखे एक काम आहे. दर १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला गर्दी लोटते, पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी आपल्या तालुक्यातून जाते, भंडारे तर बाराही महिने असतात. पाहुण्याला पोटभर वाढणे ही आपली चांगली रीत आहे, ती सोडायची नाही. फक्त वाढायचे कशात, ते बदलायचे. पळसाच्या पानांची पत्रावळ उकिरड्यावर कुजून जाते. बचत गटाने शे-दोनशे ताटे-पेले घेऊन ठेवले तर गावातले प्रत्येक कार्य त्यात निघेल. घासायला चार हात जास्त लागतील, हे खरे. बाबांनी जेवणाआधी काम सांगितलेच होते.

यंदाच्या जयंतीला आवार झाडायला मी जाणार आहेच. जाताना खराट्याबरोबर पेलाही नेईन आणि चहा त्यातच घेईन. शेजारच्या आजी त्या संध्याकाळी अंगणात निवांत बसल्या, तर तो कार्यक्रम नीट झाला असे समजेन.