श्रीरामपुरांतील शेजारची खोली

विल्यम केरी साहेबांचें नांव ज्यांच्या कानीं पडलें नाहीं असे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत थोडेच निघतील. जोडे शिवणारा एक तरुण हिंदुस्थानांत आला, त्यानें कितीएक भाषांत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें व करविलें, आमच्या मराठीचें व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं छापून काढिला, ही हकीकत उपदेशक बंधू नेहमीं सांगतात. परंतु त्या व्याकरणाचें काम ज्या घरांत चाललें होतें, त्याच घरांत शेजारच्या खोलींत साहेबांची पत्नी बुद्धिभ्रंश झालेल्या स्थितींत कोंडलेली असे व तिचा आक्रोश टेबलापर्यंत ऐकूं येत असे, ही गोष्ट सांगतांना आम्ही बहुधा आवाज खालीं आणितों. तें कां, हें मला पुष्कळ वर्षें समजलें नाहीं. ज्या घरीं वर्षानुवर्षांचें दुखणें आहे, त्या घरास केरींच्या आयुष्याचा हाच भाग अधिक जवळचा वाटेल.

डॉरथी प्लॅकेट हिचा विवाह १७८१ च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील पिडिंग्टन गांवीं झाला. वर एकोणीस वर्षांचा, वधू पंचवीस वर्षांची. तिला लिहितां येत नसल्यामुळें विवाहाच्या नोंदवहींत तिनें नांवाऐवजीं फुली केली. घरांत दारिद्र्य मोठें. पहिली मुलगी ॲन ही दुसऱ्या वर्षीं तापानें गेली. त्याच तापानें केरीही अंथरुणास खिळले होते. पुढें मुलगे झाले. लूसी नांवाची दुसरी मुलगी, तीही लहानपणींच देवाघरीं गेली.

१७९२ सालीं केटरिंग येथें मिशनरी सोसायटी स्थापन झाली व केरींनीं हिंदुस्थानास जाण्याचें ठरविलें. डॉरथीबाईंनीं साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या, पदरीं लहान मुलें होतीं, आणि तो देश इतका दूर कीं तेथून परत येणें जवळजवळ अशक्य. ह्या नकाराबद्दल त्यांस कितीएक चरित्रकारांनीं दोष लाविला आहे. मला तसें करवत नाहीं. केरी थोरल्या फेलिक्सला घेऊन निघाले. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळें त्यांस जहाजावरून उतरविण्यांत आलें, व दुसऱ्या जहाजाची वाट पाहत असतां ते व त्यांचे सोबती जॉन टॉमस पुन्हां घरीं आले. त्या वेळीं जेबेझ हा तीन आठवड्यांचा तान्हा होता. टॉमस ह्यांनीं डॉरथीबाईंस फार गळ घातली. शेवटीं बहीण कॅथरीन बरोबर येत असेल तर येतें, असें त्या म्हणाल्या, आणि घाईघाईनें सामान विकून सर्व मंडळी निघाली. १३ जून १७९३ रोजीं डॅनिश जहाज डोव्हरहून सुटलें, तें नोव्हेंबरांत बंगालच्या किनाऱ्यास लागलें.

पुढील सात महिने ह्या कुटुंबाचे कसे गेले असतील, ह्याचा विचार प्रत्येक उपदेशकानें आपल्या कारभारणीजवळ बसून करावा. बरोबर आणलेला पैसा थोड्याच दिवसांत संपला. एक बिऱ्हाड सोडून दुसरें, असें करीत शेवटीं सुंदरबनच्या वाघांच्या मुलखांत त्यांनीं झोंपडें उभारण्यास घेतलें. डॉरथीबाई व फेलिक्स रक्ताच्या हगवणीनें महिनोगणती आजारी होते. जिच्या भरंवशावर त्या आल्या, ती बहीण तेथेंच एका इंग्रज गृहस्थाशीं विवाह ठरून मागें राहिली. केरींस माल्दाकडे मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर दरमहा दोनशें रुपयांची नोकरी मिळाली व पोटाची चिंता मिटली. परंतु १७९४ च्या पावसाळ्याअखेर पांच वर्षांचा पीटर हगवणीनें मरण पावला. परक्या धर्माच्या प्रेतास हात लावण्यास कोणी धजेना. मोठ्या मिनतवारीनें चार मुसलमानांनीं थडगें खणलें. तिसरें मूल मातींत ठेवून ती माता घरीं आली.

१७९५ च्या आरंभापासून डॉरथीबाईंच्या मनाचा तोल गेला. आपला पति आपल्याशीं एकनिष्ठ नाहीं, अशी खोटी कल्पना त्यांच्या चित्तांत बसली व ती कांहीं केल्या निघेना. त्या रस्त्यानें पतीच्या मागें जात, लोकांदेखत नाहीं नाहीं तें बोलत. ते अपराधी नाहींत अशी सोबत्यांनीं खात्री करून दिली तरी व्यर्थ. पुढें तर त्यांच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली, तेव्हां त्यांस खोलींत ठेवणें भाग पडलें. ह्या दुखण्यास त्या काळीं औषध नव्हतें. आज आहे, आणि हा रोग आहे, भूतबाधा किंवा पापाचें फळ नव्हे, हें वैद्य स्पष्ट सांगतात. आमच्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें अशा रोग्यास सांखळीनें बांधणेंही मना केलें आहे. तरी अजून कित्येक गांवीं आधीं देवऋषी व मग दवाखाना असा क्रम चालतो, आणि आमचींही कांहीं घरें त्यास अपवाद नाहींत.

कलकत्त्याच्या वेड्यांच्या इस्पितळांत त्यांस पाठवावें, असा सल्ला केरींस मिळाला. त्या काळच्या अशा जागांत रोग्यांचे जे हाल होत, ते जाणून त्यांनीं तो मानला नाहीं. पत्नी घरींच राहिली, बारा वर्षें. हा निर्णय सोपा होता असें कोणी समजूं नये. त्याची किंमत मुलांनीं दिली. आई अशी, बाप दिवसभर पंडितांबरोबर व रात्रीं पुस्तकांत. आणि केरी स्वभावानें इतके सौम्य कीं मुलांस शिस्त लावणें त्यांच्या हातून झालें नाहीं. १८०० च्या जानेवारींत हें कुटुंब श्रीरामपुरास राहावयास आलें, तेव्हां हन्ना मार्शमन बाईंस हीं मुलें अगदीं मोकाट सुटलेलीं आढळलीं.

येथें त्या घराचें दैव पालटलें. दुखणें बरें झालें म्हणून नव्हे. तें तर वाढतच होतें. परंतु श्रीरामपुरास सर्व मिशनरी कुटुंबें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, व खर्चाची पेटीही एकच असे. मार्शमन बाईंनीं मुलांच्या कपड्यालत्त्याची व शिकवणीची काळजी घेतली. छापखान्याचे प्रमुख वॉर्ड साहेब ह्यांनीं फेलिक्स व विल्यम ह्यांस वडील भावाप्रमाणें जवळ केलें. फेलिक्स त्यांच्याच हाताखालीं छापण्याचें काम शिकला. बापास जें साधलें नाहीं तें शेजाऱ्यांनीं केलें, व बापानें त्यांत कमीपणा मानला नाहीं. पुढें फेलिक्स ब्रह्मदेशास, जेबेझ अंबोयना बेटास व धाकटा विल्यम काटव्यास मिशनकार्यार्थ गेला. मदनावतीस जन्मलेला जोनाथन कलकत्त्यास वकील झाला.

त्या काळांतला एक दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. २८ डिसेंबर १८०० रोजीं हुगळी नदीच्या घाटावर केरींनीं आपला पुत्र फेलिक्स व बंगालांतील पहिला शिष्य कृष्ण पाल ह्या दोघांस बाप्तिस्मा दिला. सात वर्षें ज्याची वाट पाहिली तें पहिलें फळ. त्याच वेळीं घरीं एका खोलींत डॉरथीबाई ओरडत होत्या, आणि हर्षाच्या भरांत ज्यांच्या मेंदूवर ताण पडला ते जॉन टॉमस दुसरीकडे बंदोबस्तांत ठेवावे लागले होते. गीत व आक्रोश एकाच आवारांत. केरी मुलाचा हात धरून पाण्यांत उतरले.

पहाटे बागेंत प्रार्थना करणें, झाडांची निगा राखणें, आणि मग कामास बसणें, हा त्यांचा नेम होता. बाग हाच त्यांचा विसावा असे मला वाटतें. मनुष्यास असा एखादा कोपरा लागतो.

८ डिसेंबर १८०७ रोजीं डॉरथीबाई तापानें वारल्या. पुढील वर्षीं केरींनीं शार्लट रुमोर ह्या डॅनिश बाईशीं लग्न केलें. इतक्या लवकर, म्हणून सोबत्यांस तें प्रथम आवडलें नाहीं. ह्या बाईही जन्माच्या रोगी. त्यांस धड चालतां येत नसे. तरी तीं तेरा वर्षें फार सुखाचीं गेलीं. त्या शास्त्र वाचीत, पतीच्या कामांत मन घालीत, आणि मुलांनीं त्यांस आईच मानिलें. एक दुखणें घर मोडतें व दुसरें दुखणें घरांत सुखानें नांदतें, हा फरक मनुष्याच्या पुण्याईचा नव्हे. ज्या रोगांत बुद्धि शाबूत असते त्यांत रोगी स्वतः घरास हातभार लावूं शकतो. डॉरथीबाईंचा तो हातच रोगानें हिरावून नेला होता.

केरींच्या घराण्यांत आणखी एक रोगी होती. त्यांची धाकटी बहीण मेरी, जिला घरीं पॉली म्हणत, ती तरुणपणींच अर्धांगानें अंथरुणास खिळली व सुमारें पन्नास वर्षें तशीच पडून राहिली. मध्यंतरीं कितीएक वर्षें तिची वाचाही बंद होती. इंग्लंडांत दुसरी बहीण तिचा सांभाळ करी, व केरी हिंदुस्थानांतून त्यांस पैसे पाठवीत. जो एक हात चालत असे त्यानें ती भावास लांबलांब पत्रें लिही व त्याच्या कार्यासाठीं नित्य प्रार्थना करी. केरी १८३४ सालीं निवर्तले. त्यानंतर पुतण्या युस्टेस ह्यानें त्यांचें चरित्र लिहावयास घेतलें, तेव्हां भावाच्या बाळपणाची हकीकत पॉलीनें त्यास अंथरुणावरूनच लिहून दिली. केरी लहानपणीं किडे व फुलें गोळा करून खोली भरीत, झाडावरून पडले तरी पुन्हां त्याच झाडावर चढत, हें आज आम्हांस ठाऊक आहे तें घरच्या माणसांच्या अशा आठवणींमुळें.