सूक्ष्मदर्शकापासून माजघरापर्यंत

मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या समर्थ सरांची इच्छा होती. मुलीने यातले काहीच केले नाही. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेली, हुजूरपागेत शिकलेली कमल पेशींच्या अभ्यासात रमली. १९४३ साली तिने एम.एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर!

गणिताचे अभ्यासक असलेल्या रणदिव्यांशी १९३९ मध्ये विवाह झाला आणि कमलताई मुंबईला आल्या. टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत पेशी काचपात्रात वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परतून मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग का होतो, हा त्यांचा ध्यास. आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून शोधला. माणसातली संबंधित दोन जनुके सापडली ती १९९४-९५ मध्ये. त्याआधीच, १९८२ साली, कमलताईंना पद्मभूषण मिळाले होते.

एवढ्यावर त्यांना स्वस्थ बसता आले असते. पण निवृत्तीनंतर त्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची वाट धरली. राजूर भागात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले.

ही वाट का धरली असेल? नगरच्या शेजारच्याच आपल्या शिरूर तालुक्यातले कवठे येमाई घ्या. येमाईपुढे बाई मनातले सारे बोलेल. पण अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली, तर घरात ब्र काढणार नाही. बहुतेक वेळा ती गाठ दुखत नाही, म्हणून दिवस ढकलले जातात. कांद्याची काढणी होऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे! प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. सुईने पेशी काढून तपासल्या की उलगडा होतो. गाठ लहान असतानाच कळले, तर अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ काढून किरणोपचार करता येतात. घरात कुणाला हा रोग नव्हता, म्हणून निर्धास्त राहू नये, आणि असलाच तर अधिक जागे राहावे.

२००१ साली कमलताई गेल्या. त्यांचे आयुष्य सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी पाहण्यात गेले. पण पहिली गाठ सापडते ती घरातच, बाईच्याच बोटांना. पुढचे काम घरच्यांचे: तिचे ऐकून घेण्याचे आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेण्याचे.