माता रमाबाईंचा काटकसरीचा संसार

घरखर्च कमी व्हावा असे कोणत्या कुटुंबाला वाटत नाही? पण सगळ्याच गोष्टींना सरसकट कात्री लावली म्हणजे काटकसर झाली असे नाही. कोणता खर्च टाळावयाचा आणि कोणत्या खर्चाला काहीही झाले तरी हात लावावयाचा नाही, हे ज्या घराला कळले त्या घराला काटकसर कळली. लहानपणी शाळा न मिळालेल्या एका स्त्रीने हे शहाणपण आयुष्यभर आचरणात आणले. त्या म्हणजे मातोश्री रमाबाई आंबेडकर. त्यांची तसबीर आपल्या घरोघरी आहे. त्यांचा संसार मात्र आपण पुरेसा समजून घेतलेला नाही.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहून कुटुंब चालवीत. आईचे नाव रुक्मिणी. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि नातेवाईकांनी या पोरक्या भावंडांना मुंबईला भायखळ्यास आणले. एकेक पैसा कसा मिळतो आणि तो किती जपून वापरावा लागतो, हे त्या मुलीने खेळण्याच्या वयातच पाहिले होते.

१९०६ च्या सुमारास त्यांचा विवाह भीमरावांशी झाला. वधू नऊ वर्षांच्या आतबाहेर, वर शाळकरी. हे लग्न कोठे लागले? भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचे व्यवहार आटोपून विक्रेते घरी गेल्यावर रात्री त्या मोकळ्या जागेत वऱ्हाडी जमले. विक्रेत्यांचे ओटे हीच त्यांची बसण्याची आसने झाली. वराचे वडील रामजी हे सैन्यातील निवृत्त सुभेदार होते, समाजात त्यांना मान होता. तरीही लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढून मांडव घालण्याची त्यांना गरज भासली नाही. त्या लग्नातून उभ्या राहिलेल्या संसाराला उणेपणा आला काय?

सुभेदारांच्या घराची रीतच तशी होती. दरमहा ५० रुपयांचे निवृत्तिवेतन आणि परळच्या चाळीतील खोली, एवढ्यावर सारे भागवावयाचे. परंतु भीमरावांनी एखादे पुस्तक मागितले तर सुभेदार नाही म्हणत नसत. हाती पैसे नसतील तर लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन दोनतीन रुपये उसने आणीत. तिच्याकडेही नसले तर दुसऱ्या मुलीचा दागिना घेऊन तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून परत देत. दागिना गहाण पडेल, पण पुस्तक अडणार नाही, हा त्या घराचा अलिखित नियम होता. रमाबाई सून म्हणून आल्या त्या अशा घरात. पुढे तो नियम त्यांनी आपला केला.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुलगा यशवंत तेव्हा वर्षाचाही नव्हता. घरात दीर आनंदराव, जाऊ लक्ष्मीबाई व मुलेबाळे. शिष्यवृत्तीच्या पैशात भीमरावांना तिकडे आपला खर्च भागवून घरीही काही पाठवावयाचे होते. ते तिकडे खाण्यापिण्यात आणि करमणुकीत हात आखडून जुनी पुस्तके विकत घेत. रमाबाई इकडे परळच्या बी. आय. टी. चाळीत हात आखडून चूल पेटती ठेवीत. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच काटकसर चालू होती आणि तिचा हेतूही एकच होता.

खरी कसोटी लागली ती पैसा आल्यावर. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. गिरणीत राबणाऱ्या शेजाऱ्यांच्या मानाने ही रक्कम कितीतरी मोठी होती. आता मोठे घर घ्यावे, अंगावर चार दागिने घालावेत, असे कोणालाही वाटले असते. परंतु कुटुंब त्याच चाळीत दोन खोल्यांत राहिले. बाबासाहेब घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देत आणि बाकीचे पैसे लंडनमधील अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी बाजूला टाकीत. पगार वाढला की खर्च वाढतो, असा जगाचा अनुभव आहे. या घरात पगार वाढला तेव्हा शिल्लक वाढली. १९२० च्या जुलैत बाबासाहेब लंडनला जाऊ शकले ते या शिलकीमुळे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्यामुळे आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जामुळे.

रमाबाईंच्या घर चालविण्याच्या अनेक आठवणी जुनी माणसे सांगत आली आहेत. महिन्याचे पैसे हाती येताच त्या दिवसागणिक तीस पुरचुंड्या बांधीत आणि एका दिवशी एकच पुरचुंडी सोडीत, असे सांगतात. थोडी रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी राही. जळणाला पैसे पडू नयेत म्हणून शेण गोळा करून त्या गोवऱ्या थापीत, अशीही आठवण आहे. दिवसाचा वाटा आधी ठरविला की महिनाअखेरीस वाण्याच्या दारी उधारीसाठी उभे राहावे लागत नाही. त्यांच्या काटकसरीत कंजूषपणा मात्र नव्हता. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची सोय अडली तेव्हा त्यांनी आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगितले जाते. सोने अंगावर मिरविण्यापेक्षा मुलांच्या पोटात अन्न जाणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. त्या संसारात काटकसर होती तसे दारिद्र्यही होते, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. रमाबाईंना पाच अपत्ये झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले बालपणीच गेली. राजरत्न गेला तो १९२६ च्या जुलैत. स्वतः रमाबाईंचे शरीरही कष्टांनी आणि आजारांनी झिजत गेले. १९३४ च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधले. हजारो ग्रंथांना जागा मिळावी अशा रीतीने त्या घराची रचना केलेली होती. पण त्या घराचे सुख रमाबाईंना फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणून रमाबाईंचे नाव घेऊन आपल्या घरातील बाईने अर्धपोटी राहावे असे कोणी सांगू लागेल तर ते चुकीचे आहे. सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी उरेल ते खावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. त्या रीतीने चार पैसे वाचले असे वाटते, पण ते पैसे पुढे दवाखान्यात जातात. आईचे जेवण, मुलाचे दूध, आजाऱ्याचे औषध ही काटकसरीची ठिकाणे नव्हेत. रमाबाईंनी सोसले ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून. आपल्याला मार्ग मोकळा झाला आहे तो त्यांच्या सोसण्यामुळे.

बाबासाहेबांनी हे ऋण विसरू दिले नाही. पाकिस्तानच्या प्रश्नावर १९४० मध्ये लिहिलेला मोठा ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्या अंतःकरणाचा चांगुलपणा, चारित्र्य आणि कोणी मित्र नव्हता अशा ओढगस्तीच्या दिवसांत शांतपणे साथ देण्याची तयारी, या गुणांची त्यांनी तेथे नोंद केली आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा पाहण्यास रमाबाई नव्हत्या. पण त्यांनी संसारात जे केले तेच भगवान बुद्धांनी गृहस्थांना सांगितले आहे. सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत. एक वाटा उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा संकटकाळासाठी. संपत्तीला गळती लावणाऱ्या सहा गोष्टीही तेथे सांगितल्या आहेत. त्या म्हणजे मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. दीघजाणू कोलियाला केलेल्या उपदेशात समजीवितेचा विचार आहे. गृहस्थाने जमा आणि खर्च तराजूत तोलून पाहावा, जमेपेक्षा खर्च वाढू देऊ नये, पण असलेला पैसा दडवून उपाशीही राहू नये. काटकसर आणि कंजूषी यांच्या मधली वाट ती हीच.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी याप्रमाणे आपल्या घराचा हिशेब मांडून पाहावा. नवस, कोंबडे-बकऱ्यांचे बळी, जत्रा यांवरचा खर्च दीक्षेबरोबरच संपला पाहिजे. तो संपला असेल तर ते पैसे आता कोठे जातात, हे पाहावे. नवस सुटला आणि त्याच्या जागी लग्नातील बँड व जेवणावळी आल्या, तर सावकार तोच राहिला. दारूचा पैसा घरात राहिला तर दुसरी बचत शोधावी लागत नाही. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांना अंगावरील जड, ओंगळ दागिने टाकण्यास आणि मुलींना शिकविण्यास सांगितले होते. त्या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

महिन्याचे पैसे घरात आले की आधी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा व फीचा वाटा काढावा. मग धान्य, तेलमीठ व भाडे. मग अडीअडचणीची पुरचुंडी, मग ती पोस्टात ठेवा किंवा बँकेत. उरेल त्यात सणसमारंभ. रोजचा खर्च रात्री वहीत लिहावा. घरातल्या बाईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावा, म्हणजे तिचाही अभ्यास होईल. आणि वही मिटण्यापूर्वी घरातील सर्वजण पोटभर जेवले की नाही, हेही विचारावे.